डाव्या खांद्याचं अस्तर

४ जून

धाकटे,

हे पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत काहीही विकत घेऊ नकोस. तुला मी ओळखते. पहिला पगार हातात पडला की दिसेल त्या सेलमध्ये शिरशील आणि चार रंगीबेरंगी चिंध्या काखोटीला मारून बाहेर येशील. दोन धुण्यांत त्यांचं पोतेरं होतं, मग पुन्हा घे.

दोन वर्षांनी तुझं पत्र आलं आणि मी सुरुवात ही अशी करतेय. करू दे. दुसरं काही लिहायला घेतलं की पेन अडतं.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एका पिशवीनिशी घर सोडलेल्या बाईने नव्या नोकरीसाठी कमीत कमी कपडे घ्यायचे तर कोणते घ्यावेत, ही पहिली. आणि सतरा जुलैला तुझ्या घटस्फोटाच्या दाव्यात साक्ष द्यायला मी येईन का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर मला झोपेतही देता येईल, पंचवीस वर्षं दुसरं केलंय काय? साक्षीचं नंतर लिहिते.

तर कपडे. विमा कंपनीत अर्ज तपासायचे म्हणतेस, म्हणजे दिवसभर टेबलाशी. तुझ्या कपड्याची परीक्षा कोपरावर आणि बसायच्या जागेवर होणार. दोन पँट घे, एक गर्द निळी आणि एक राखी. तीन शर्ट, त्यातला एक पांढरा, एक फिकट निळा, तिसरा तुझ्या आवडीचा, पण दोन्ही पँटवर चालला पाहिजे हा कायदा. एक कोट. एक साधा ड्रेस. बस, सात नग. यांचे जोड लाव बघू कागदावर. कोटासकट आणि कोटाशिवाय धरलेस तर चौदा होतात. शेजारच्या टेबलावरची बाई पंधरवडाभर बुचकळ्यात पडेल की हिच्या कपाटात आहे तरी किती.

दुकानात गेलीस की कपडा आधी उलटा कर. विकणारी मुलगी बघेल तुझ्याकडे, बघू दे. सुलटी बाजू सगळ्यांचीच गोड असते, मेहनत केली की चालढकल केली ते आतून कळतं. शिवणीच्या आत बोटभर कापड सोडलंय का बघ, म्हणजे पुढे उसवून सैल करता येतं. कापड मुठीत घट्ट धर आणि दहा आकडे मोज. सोडल्यावर सुरकुती तशीच राहिली तर ठेवून दे. बटण ओढून बघ. आणि महाग म्हणजे चांगलं असं नाही बरं का. काचेच्या मोठ्या दुकानात मी डिंकाने चिकटवलेली कॉलर पाहिलीय.

कोटावर मात्र हात आखडू नकोस. तीन वर्षांत तीन वाईट कोट घेण्यापेक्षा एक चांगला घेतला की दहा वर्षं बघायला नको. खरं म्हणजे कोट आणि ड्रेस मीच शिवून पाठवते. चांगलं कापड आलंय. ड्रेसला पूर्ण बाह्या आणि उंच कॉलर करते, तुला ती शोभते. माप तेच आहे ना? का वाळलीस?

आईचे गुडघे दुखतात, बाकी बरी आहे. तुझं पत्र आल्याचं तिला सांगितलेलं नाही. काजवाल्या मावशींना मात्र पाकिटावरचं अक्षर बघूनच कळलं. तीस वर्षं दुकानाच्या कोपऱ्यात बसून हाताने काजं करतेय ती बाई, तिच्या नजरेतून काय सुटणार! म्हणाल्या, ‘‘आलं का एकदाचं?’’ आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागल्या.

तुझी,
ताई


१५ जून

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. उंच कॉलर नको. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दे.

एवढी काय तुटक लिहितेस गं! नको तर नको कॉलर. मी चांगल्या मनाने लिहिलं होतं.

साक्षीचं ऐक. तू रागावणार, तरी ऐक. मी शिवणारी बाई. कोर्टात उभं राहून काय बोलायचं ते मला काय कळणार? तुझ्या वकीलबाईंचंही पत्र आलंय. त्या म्हणतात, तुझा तो राखी लोकरी ड्रेस कोर्टात दिलाय आणि तो कुणी शिवला, कसा शिवला, एवढंच मी सांगायचंय. एवढंच म्हणतात, पण ते एवढंच कुठे असतं?

आईची छाती अधूनमधून धडधडते. तिला हे कळलं तर काय होईल सांग. आणि दुकान. तुला माहीत आहे, जावईबापूंच्या शाळेचे सगळे गणवेश आपल्याकडे असतात. तू त्या घरात गेलीस तेव्हापासून आहेत, आणि तू निघून गेलीस तरी त्यांनी ते काम काढून घेतलं नाही, हेही खरं. दुकानात चार बायका मशीनवर बसतात. वर्षाचे सात महिने त्यांची चूल त्या गणवेशांवर पेटते. मी एकटी असते तर गोष्ट वेगळी होती.

शिवाय तू तर नोकरीला लागलीस, स्वतंत्र राहतेस. मग हा दावा लढवून काय साधायचं? थोडा दम धरलास तर तेच कंटाळून कागदांवर सही करतील.

हे लिहून झालं आणि वाटलं, आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तीन दिवस कागद तसाच मशीनच्या खणात ठेवला होता. सांगतेच.

जावईबापू दुकानात येऊन गेले. नेहमीसारखेच, हळू आवाजात, बाहेर चपला पुसून. आईची तब्येत विचारली. म्हणाले, ‘‘ताई, एक सूट शिवायचाय. तारखेला घालायला हवा, पण नंतर शाळेतही चालला पाहिजे. एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं, असं तुम्हीच म्हणता ना?’’

मी म्हणतेच तसं. सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणते.

मी माप घेतलं. काय करणार होते, सांग? दारात उभ्या माणसाला परत पाठवू? गर्द निळं लोकरी कापड निवडलं त्यांनी, तेही माझ्याच सल्ल्याने. त्या कापडाला भारदस्तपणा येतो, माणूस शांत आणि विश्वासाचा दिसतो. मी हे तोंडाने बोलले आणि मावशींनी कोपऱ्यातून कात्री दणकन टेबलावर ठेवली.

पँटचं लक्षात ठेव, गुडघ्यापर्यंत तरी अस्तर हवं.

ताई


२६ जून

धाकटे,

उत्तर नाही तुझं. पाठवलं असतंस तरी काय लिहिणार होतीस म्हणा.

मावशींनी सूटची काजं करायला नकार दिला. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी कोट पुढे ठेवला तर हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, ‘‘माझे डोळे गेले.’’ मी म्हटलं, ‘‘सकाळी तर पोरींच्या फ्रॉकला बारा काजं केलीत.’’ तर म्हणतात, ‘‘हो, दुपारी गेले.’’ सगळ्या मशिनी थांबल्या. एकजण हसली.

काल सूटची पहिली ट्रायल झाली. तुला ते सगळं सांगणार आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. ते आरशासमोर उभे राहिले, मी मागून पाठीचा फुगा टाचत होते. आरशात बघतच म्हणाले, ‘‘तिने एक ड्रेस कोर्टात दिलाय म्हणे. आता कपड्यावरून कुणाचं काय सिद्ध होतं, ताई? तुम्हाला बोलावलंच, तर सांगा की अस्तराचं कापड कमी पडलं, म्हणून एकाच खांद्याला लावलं. दोन मिनिटांत मोकळ्या व्हाल.’’

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

ते गेल्यावर मावशी म्हणाल्या, ‘‘कापड कमी पडलं म्हणे! या दुकानात?’’ आणि मलाही राग आला, धाकटे. कानशिलं तापली. पण कशाचा आला ते ऐक. कापड मोजायला चुकणारी, एक खांदा अस्तराचा आणि एक बिनअस्तराचा सोडणारी फुटकळ शिवणारी ठरवलं त्यांनी मला, याचा आला. घरी पोहोचेपर्यंत तोच राग चढत होता. मग भाजी चिरताना लक्षात आलं की तुझ्या खांद्याचा मला राग आलेलाच नाही. तेव्हाही आला नव्हता. सुरी खाली ठेवली आणि बसून राहिले. आईने विचारलं, काय झालं, मी म्हटलं, पाठ भरली.

त्या खांद्याबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. आता लिहिते.

तुझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तू ड्रेस शिवायला आलीस. पडद्यामागे शर्ट काढलास आणि पाठ केलीस. डाव्या खांद्याच्या मागे भाजलेलं होतं. एका बाजूला सरळ कड आणि वर निमुळतं टोक. मी काही विचारायच्या आत तू म्हणालीस, ‘‘इस्त्री करताना लागली.’’

धाकटे, मी इस्त्रीवर आयुष्य काढलंय. माझ्या मनगटावर तीन डाग आहेत, मावशींच्या बोटांवर किती ते मोजायलाच नकोत. दुकानात आलेली प्रत्येक पोर पहिल्या महिन्यात भाजून घेते. बोटाला, तळव्याला, कोपराच्या खाली. खांद्याच्या मागे कुणालाच आपल्या हाताने इस्त्री लागत नाही. तिथे हात पोहोचतच नाही. हे मला त्याच क्षणी कळलं. एक क्षणही जास्त लागला नाही.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, लोकर टोचेल हं, आतून मऊ मलमल लावते. फक्त त्याच खांद्याला लावली, कारण दोन्हीकडे लावली असती तर ड्रेस वरून जाड दिसला असता. किती बारीक काम केलं होतं ते! हातशिवण, एकही टाका वर दिसत नव्हता. तू घालून दाखवलास तेव्हा मी तुझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, खांदा कसा बसलाय तेच बघत होते.

मग ती कॉलर. मानेवर बोटं उमटली होती तेव्हा केलेली. तुला माहीत नसेल, ती कॉलर पुढे खूप चालली. शाळेच्या कार्यक्रमात बायकांनी तुझ्या अंगावर पाहिली आणि दुकानात येऊन मागायला लागल्या, प्राचार्यांच्या मिसेसची कॉलर द्या. त्या वर्षी मी तशा कितीतरी शिवल्या. अभिमान वाटायचा मला.

ही तीच कॉलर मी तुला चार जूनला पुन्हा देऊ केली. तू दोनच ओळी लिहिल्यास ते कमीच होतं.

ताई


५ जुलै

धाकटे,

त्या दिवसाबद्दल तू पत्रात एक शब्दही लिहिला नाहीस. मला वाटलं होतं लिहिशील, शिव्या देशील. तू लिहीत नाहीस म्हणून मलाच लिहावं लागतंय.

तू पिशवी घेऊन दुकानात आलीस. सकाळी अकराची वेळ होती, गणवेशांचा हंगाम, टेबलावर निळ्या कापडाचे ढीग. तू म्हणालीस, ‘‘ताई, मी काही दिवस तुझ्याकडे राहू?’’ मी तुला आत बसवलं, चहा दिला. तुझ्या कोटाची बाही खांद्यापाशी उसवली होती. मी म्हटलं, काढ, दोन टाके घालते. टाके घातले. मग इस्त्री केली. मग म्हटलं, चल, मी सोडायला येते.

तू उठलीस. पिशवी मी घेतली, तुला जड नको म्हणून. बसमध्ये खिडकीची जागा दिली. त्यांच्या दारात त्यांनी दार उघडलं आणि मी हसून म्हणाले, ‘‘माहेरची आठवण आली होती हिला. कोट बघा कसा नवा करून आणलाय.’’ तू आत गेलीस. मी फाटकातून वळून पाहिलं नाही, कारण मला दुकानात परत पोहोचायचं होतं.

त्यानंतर तू आठ महिने राहिलीस तिथे. आठ महिन्यांनी गेलीस ती आपल्या गावात कुणालाही न सांगता, मला तर नाहीच. लोकांनी विचारलं की मी म्हणायचे, नोकरीसाठी गेली, हट्टी आहे लहानपणापासून. आणि मनातून मला तुझाच राग यायचा. निदान बहिणीला तरी सांगून जायचं!

त्या आठ महिन्यांत काय काय झालं ते मी तुला विचारणार नाही. वकीलबाईंच्या कागदात थोडं आहे. मी ते वाचायला घेतलं, पहिलं पान वाचलं आणि कागद पालथा करून ठेवला. काल पुन्हा उघडला. सगळा वाचला.

दावा लढवून काय साधायचं असं मी तुला लिहिलं होतं. आता कळलं. जावईबापूंनी कोर्टात लिहून दिलंय की तू डोक्याने अधू आहेस, स्वतःला इजा करून घेतेस आणि तुला कुणाच्या तरी देखरेखीत ठेवायला हवं. म्हणजे तू तुझ्या खोलीत, तुझ्या नोकरीत निवांत राहशील असं मी जे समजत होते ते खोटं. ते तुला परत नेऊ बघतायत.

आणि मी त्यांच्या सूटला अस्तर लावतेय.

ताई


१४ जुलै

धाकटे,

घाईत लिहितेय, हे तुझ्या हाती सतराच्या आधी पडेल की नाही माहीत नाही.

सूट पूर्ण केला. काजं मी स्वतः केली, मावशींसारखी झाली नाहीत. मुद्दाम वाईट शिवावा असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. काखेत घट्ट करावा, पाठीला चुणी ठेवावी. हात वळला नाही. मावशी म्हणाल्या, ‘‘कपड्याला कशाला शिक्षा? तोंड नाहीये का तुला?’’

आज ते न्यायला आले. अंगात घालून बघितला, खूश झाले. मी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ‘‘सतराला मीही येतेय. तिच्या बाजूने.’’

ते आरशातच बघत होते. बटण लावलं, काढलं. ‘‘ताई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. घरी जाऊन विचार करा.’’

‘‘सहा वर्षं केला.’’

‘‘मग गणवेशाचं कापड उद्या सकाळी माणूस येऊन घेऊन जाईल,’’ असं अगदी हळू आवाजात म्हणून ते सूट घालूनच गेले. चार बायकांनी ऐकलं. मी त्यांना काय सांगावं या विचारात होते, तर त्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली, ‘‘ताई, पडदे शिवू. उशांचे अभ्रे शिवू. गणवेश नाहीत तर काय मशिनी गंजतात का?’’ तिच्याकडे सहा महिन्यांचं मूल आहे. धीर तिने मला द्यावा!

आईला काल रात्रीच सांगितलं. अपेक्षा होती तसंच झालं, घरातलं बाहेर कशाला न्यायचं, तिचं नशीब, तुझं दुकान, सगळं बोलून झालं. मग विचारलं, ‘‘कुठे भाजलं होतं तिला?’’ मी आईच्या मागे उभी राहिले आणि तिच्या डाव्या खांद्याच्या मागे तळवा ठेवला. तिने आपला हात मागे न्यायचा प्रयत्न केला. पोहोचला नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, पण आज सकाळी माझा कोट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला होता.

येतेय मी.

ताई


२० जुलै

धाकटे,

तू मला पाहिलंस, मी तुला पाहिलं, आणि तरी पत्रच लिहावं लागतंय.

आधी तुझा शर्ट. अर्ध्या बाह्यांचा, पिवळा, खांद्याची शिवण दोन बोटं खाली उतरलेली. कुठल्या सेलमधून उचललास देव जाणे. दारातून आत आलीस तेव्हा माझी नजर आधी तिथेच गेली, सवय मेली. मग बाह्यांखाली तुझे हात दिसले. लग्नानंतर चारचौघांत तुझे हात मी उघडे पाहिलेच नव्हते. त्यानंतर मला शर्टाचं काही वाटलं नाही. तू वाळली नाहीस, जाडही नाही, माझ्याकडचं माप मात्र तुझं राहिलेलं नाही.

वकीलबाईंनी ड्रेस माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘‘उलटा करा.’’ मी केला. न्यायाधीशबाईंनी चष्मा चढवला. मी त्यांना मलमल दाखवली, टाके दाखवले. एकाच बाजूला का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. माझ्या मनगटावरचे डाग दाखवले, मग हात मागे नेऊन दाखवला की तिथे पोहोचत नाही. त्यांनी स्वतःचा हात थोडा मागे नेऊन पाहिला. कुणाच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही, माझ्या आलं.

मग तुझ्या नवऱ्याचा वकील उठला. तुझ्यासमोरच झालं सगळं, पण मला पुन्हा लिहायचंय. त्याने विचारलं, इतकं माहीत होतं तर तुम्ही बहिणीला ठेवून का घेतलं नाही? मी म्हटलं, उलट मीच तिला परत सोडून आले, पिशवी मी उचलली होती. तो थोडा गोंधळला. हे मी आपणहून सांगेन असं त्याला वाटलं नसावं. मग त्याने तुझ्या नवऱ्याकडे बोट केलं आणि विचारलं, ‘‘यांच्या अंगावरचा सूट कुणी शिवलाय?’’

‘‘मी.’’

‘‘कधी?’’

‘‘गेल्या महिन्याभरात.’’

‘‘ज्या माणसाबद्दल तुम्ही हे असं सांगताय, त्याचा सूट तुम्ही शिवता?’’

‘‘हो. आणि तो ड्रेसही मीच शिवला. झाकायचं काम मी दोघांचंही केलंय, म्हणून तर मला माहीत आहे.’’

मागे कुणीतरी खोकलं. मी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. सूट उत्तम बसला होता. ते शांत आणि विश्वासाचे दिसत होते, मी म्हटलं होतं तसेच. निकाल महिन्याने आहे आणि काय लागेल ते मला सांगता येत नाही. वकीलबाई म्हणाल्या, बरं झालं. तेवढ्यावर मी काही इमले बांधत नाही.

बाहेरच्या बाकापाशी तू थांबलीस. मला वाटलं होतं, तशीच निघून जाशील. तू विचारलंस, ‘‘तेव्हा का नाही बोललीस?’’ मी म्हटलं, ‘‘घाबरले गं.’’ तू मान हलवलीस आणि वकीलबाईंबरोबर जिना उतरलीस.

ते खोटं होतं. शपथेवर सगळं खरं बोलून बाहेर आले आणि दाराबाहेर तुझ्याशीच खोटं बोलले. मी घाबरले नव्हते, धाकटे. मला ते सगळं आवडत होतं. लोक दुकानात येऊन प्राचार्यांच्या मेहुणी म्हणून हाक मारायचे, बसायला खुर्ची पुढे करायचे, मला गोड वाटायचं. तू बोलली असतीस तर ते गेलं असतं. तू बोलू नयेस असं मला वाटत होतं, आणि तू बोलू नयेस म्हणूनच मी तुला इतके सुंदर कपडे शिवत होते.

तू पाठ केलीस तेव्हा मी पाहिलं होतं. त्याच दिवशी मला सगळं कळलं होतं. हे मी न्यायाधीशबाईंना सांगितलं, आईला सांगितलं, तुझ्या डोळ्यांत बघून मात्र सांगितलेलं नाही. भेटू दिलंस तर सांगेन.

उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होते. पण तेही खोटंच झालं असतं.

ताई